बिलातला वादळ आकार

दुबईतल्या ज्या ऑफिसात मी बरीच वर्षं नोकरी करते, तिथे दुसऱ्यांचे पैसे सांभाळले जातात. काही श्रीमंत घराण्यांचे, काही पेन्शन फंडांचे. हे पैसे कुठेतरी सुरक्षित गुंतवायचे असतात आणि माझ्या टेबलावर येतात ते अमेरिकेतले बाँड, म्हणजे कर्जरोखे. कुणाला तरी पैसे हवे असतात, तो रोखे विकतो, आम्ही विकत घेतो, आणि मग वर्षानुवर्षं व्याज आणि मुद्दल परत येत राहतं. येत राहील ना, आणि नक्की कुणाच्या खिशातून येईल, एवढं शोधून सांगण्यासाठी मला पगार मिळतो.

त्या एप्रिलमध्ये माझ्याकडे आलेला रोखा वादळाचा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात मोठं चक्रीवादळ येऊन गेलं होतं. हजारो खांब आडवे झाले, तारा तुटल्या, सबस्टेशनात पाणी शिरलं. तिथल्या वीज कंपनीने आजूबाजूच्या राज्यांतून माणसं बोलावली, मिळेल त्या भावाने खांब आणि ट्रान्सफॉर्मर आणले आणि लाइट चालू केले. त्यात जो अफाट पैसा गेला तो आता कसा वसूल करायचा, असा प्रश्न होता. पुढच्याच बिलात घातला तर लोकांचे डोळे पांढरे होतील. कंपनीने स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, तर व्याज जास्त, वर भागधारकांचा नफा, आणि तोही शेवटी ग्राहकांच्याच माथी.

म्हणून तिथे एक वेगळी वाट काढतात. राज्य सरकार कायदा करतं. फक्त ह्या एका कामासाठी एक छोटी, स्वतंत्र कंपनी उभी राहते. वीज वापरणाऱ्या प्रत्येकाकडून दरमहा थोडी रक्कम घेण्याचा हक्क तिला मिळतो. त्या हक्काच्या जोरावर ती रोखे विकते, आलेली रक्कम वीज कंपनीला देते, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं लोकांच्या बिलातून थेंब थेंब पैसे गोळा करून आमच्यासारख्यांचं देणं फेडते. ही वसुली रद्द करणार नाही, असं सरकार लिहून देतं. वसुली कमी पडली तर दर थोडा वाढवायचा, जास्त झाली तर कमी करायचा, हेही आधीच ठरलेलं असतं. पैसे इतके खात्रीचे झाल्यावर व्याज स्वस्त लागतं, आणि त्याचा फायदा शेवटी बिल भरणाऱ्यालाच होतो.

पुण्याला आमच्या घरी येणाऱ्या लाइट बिलावर स्थिर आकार, वहन आकार अशा ओळी असत. बाबा दर महिन्याला त्या मोठ्याने वाचत आणि चिडत. तेव्हापासून आकार हा शब्द माझ्या डोक्यात बसलेला आहे. अमेरिकेतल्या बिलावरच्या त्या नव्या ओळीला मी मनातल्या मनात वादळ आकार म्हणायला लागले.

रोखे घ्यावेत की नाही हे मला आमच्या गुंतवणूक समितीपुढे मांडायचं होतं. तयारी निम्मी झाली होती, आणि मग इथेच पाऊस पडला.

आम्ही शारजात राहतो. मी, नवरा आणि अकरावीतली मुलगी. दुबईपेक्षा भाडं कमी पडतं म्हणून आलो आणि रोजच्या ट्रॅफिकला शिव्या घालत इथेच रमलो. इथे पाऊस म्हणजे गाडीच्या काचेवरची धूळ चिखल होण्यापुरता. त्या दिवशी मात्र दुपारी आभाळ हिरवट काळं झालं आणि पाणी कोसळायला लागलं ते थांबेचना. आमचा घरमालक वयस्कर इमिराती आहे, त्याला सगळी बिल्डिंग अरबाब, म्हणजे मालक, म्हणते. त्याने भरवशाने बेसमेंटमध्ये गाड्या लावायची सोय केली होती, आणि विजेचं मुख्य पॅनलही तिथेच होतं. संध्याकाळपर्यंत खालच्या रस्त्याची खाडी झाली. गाड्या तरंगत एकमेकींना टेकल्या. मग बेसमेंट भरलं, एक धप्प आवाज झाला आणि बिल्डिंग गप्प झाली.

एसी बंद झाल्यावर घर किती शांत होतं हे मी पहिल्यांदा ऐकलं.

वीज गेली तशी लिफ्ट गेली. पंप बंद पडला, म्हणजे टाकीतलं उरलंसुरलं पाणी संपलं की खलास. आमची शेगडी विजेवरची, त्यामुळे चहासुद्धा नाही. सकाळी आम्ही तिघं बिस्किटं खात बसलो होतो, तेवढ्यात दार वाजलं.

दारात समोरच्या चाची. त्या आणि चाचा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. चाचांची सगळी नोकरी फुजैराच्या बंदरात, जहाजांना तेल भरणाऱ्या कंपनीत गेली. आता नोकरी संपल्यावर दोघं शारजात, मुलीच्या जवळपास राहतात. चाचींच्या घरी गॅसचा सिलिंडर होता. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही ह्या एका कारणासाठी त्यांनी तो ठेवला होता.

"काय गो बाय, अशी काय बसलीस? चल, चहा झालाय. पोरीला पण घेऊन ये. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, फ्रीजमधलं सगळं माझ्याकडे आणून टाक. आज नाही शिजवलं तर उद्या टाकायला लागेल."

त्या दिवसापासून आमच्या मजल्याचा स्वयंपाक चाचींच्या ओट्यावर झाला. तांदळाची भाकरी, डाळ, कोणाच्या फ्रीजरमधली सुरमई, कोणाची चिकन. माझा नवरा मासे खात नाही हे त्यांना माहीत होतं. त्याच्यासाठी रोज वेगळी उसळ असायची.

त्यांच्या गॅलरीत वारा यायचा, म्हणून मी दिवसा तिथे बसून काम करायचे. लॅपटॉप गाडीत चार्ज करून आणायचा आणि बॅटरी संपेपर्यंत वाचायचं. आमची गाडी नशिबाने उंचावर लावलेली होती. माझी बॉस लेबनॉनची आहे. तिने फोनवर सांगितलं, "हबीबी, पुढे ढकलू का मीटिंग? बाकी सगळे समजून घेतील." मी नको म्हटलं. उकाड्यात नुसतं बसून राहण्यापेक्षा काम बरं वाटत होतं.

चाची मासे साफ करता करता म्हणाल्या, "एवढं काय वाचतेस?"

मी म्हटलं, "वादळाचं आहे, चाची. अमेरिकेतल्या."

"वादळाचं वाचायचं काय असतं? माझ्याकडे ये, मी सांगते," असं म्हणून त्यांनी हात धुतले आणि समोर बसल्या.

त्यांच्या गावाला वादळ आलं तेव्हा त्या गावीच होत्या. चाचा इथे, त्या तिथे. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली, आणि गावातला एकही विजेचा खांब उभा राहिला नाही. "किती दिवस अंधार होता ते विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मोबाइल बंद. तुझे चाचा इथून फोन करून करून वेडे झाले. मग लांबून वायरमन आले. विदर्भातले, पार कुठले कुठले. शाळेत राहायचे. गावातली माणसं त्यांच्याबरोबर खांब ओढायची, बाया भाकऱ्या करायच्या. मी रोज करायची. ज्या दिवशी माझ्या घरातला बल्ब लागला ना, मी त्या पोरांना बिर्याणी घातली."

मुलगी ऐकत होती. तिने विचारलं, "देन हू पेड फॉर इट, चाची? द पोल्स अँड ऑल?"

"आता ते काय मला माहीत! सरकारने भरले असतील."

मग मी दोघींना अमेरिकेतली पद्धत सांगितली. खांब लगेच उभे करायचे, पैसे मागून, थोडे थोडे, प्रत्येकाच्या बिलातून. चाची लक्ष देऊन ऐकत होत्या. मुलीच्या कपाळावर आठी पडली.

"वेट. पंधरा-वीस वर्षं? म्हणजे लाइक, जो वादळानंतर जन्मला तोपण मोठा होऊन पे करणार? बट आई, दॅट्स सो अनफेअर."

"तो उभ्या केलेल्या खांबावरचीच वीज वापरणार ना?"

"ही डिडन्ट ब्रेक इट."

"मोडला तर कोणीच नाही, गो," चाची म्हणाल्या.

मुलीचं समाधान झालं नाही, आणि तिचं सगळं चूक होतं असंही नाही. गरिबाच्या घरातही त्याच दराने युनिट मोजून पैसे घेतात. मी माझ्या टिपणात ह्या मुद्द्यावर एक परिच्छेद आधीच लिहिला होता. तो त्या दुपारी काढून नव्याने लिहिला, जरा मोठा.

दोन-तीन दिवसांत रस्त्यावरचं पाणी उतरायला लागलं, पण बेसमेंट भरलेलंच होतं. अरबाब स्वतः आला. पांढरा कंदुरा, म्हणजे पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत वर धरलेला, पायात गमबूट. त्याने सांगितलं की पॅनल पूर्ण गेलंय, नवीन मागवलंय, ह्यावेळी ते तळमजल्यावर उंच चौथऱ्यावर बसवणार, आणि त्याचा सगळा खर्च तो करणार. पण वेळ लागेल. साऱ्या शारजाला एकदम पॅनल हवी होती.

"तोवर?" चौथ्या मजल्यावरच्या केरळच्या नर्सबाईंनी विचारलं. त्यांचे सासरे दम्याचे पेशंट, आणि त्यांना जिना चढवत नव्हता.

तोवर जनरेटर हा एकच मार्ग होता. पंप, एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे त्यावर चालले असते. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, कुठूनतरी एक जनरेटरवाला शोधून आला. पण त्याला भाडं आणि डिझेलचे पैसे रोख आणि आगाऊ हवे होते. अरबाब म्हणाला, अर्धे मी देतो, अर्धे तुम्ही. चाचांनी आकडा ऐकून सवयीने मोठ्याने त्याचे रुपये केले, आणि जिन्यात उभे असलेले सगळे जण मनात आपापले हिशेब करायला लागले. महिन्याचा शेवट होता. कित्येकांच्या गाड्या बुडालेल्या. रोख कुणाकडेच नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती ते बोलत नव्हते.

तिथे उभ्या उभ्या मला कळलं की दुसऱ्या खंडातल्या माणसांबद्दल मी जे वाचत होते, ते इथेच घडतंय. एरवी मी अशा बैठकांत बोलत नाही. सोसायटीच्या मीटिंगा टाळायच्या म्हणून माणूस पुण्याहून इतक्या लांब येतो. पण बोलले. हिंदीत, कारण सगळ्यांना तीच समजते.

मी म्हटलं, ज्यांना जमेल त्या दोन-तीन घरांनी आत्ता पैसे घालायचे. जनरेटर आजच येईल. मग प्रत्येक फ्लॅटने दर महिन्याला थोडे थोडे द्यायचे आणि त्या घरांचे पैसे फिटले की थांबायचं. हिस्सा माणसाचा नाही, फ्लॅटचा. कुणी सोडून गेला, तर त्या फ्लॅटमध्ये जो येईल तो भरेल.

"और जो नहीं दे सका?" कुणीतरी विचारलं.

"उसका हिस्सा बाकी लोगों में थोड़ा थोड़ा बँटेगा."

"और जो देना ही नहीं चाहता?"

त्यावर सगळे अरबाबकडे बघायला लागले. तो इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. हिंदी त्याला आमच्याइतकीच येते. तो म्हणाला, "किराए के साथ मेरा आदमी लेगा. नया किरायेदार आएगा, उसको पहले बता दूँगा. इन्शाल्ला."

माझी मुलगी माझ्या कानात पुटपुटली, "इन्शाल्ला मीन्स नेव्हर, आई." तिचं ते भाकीत खोटं ठरलं. अरबाबने शब्द पाळला.

पैसे घालणाऱ्या घरांत नर्सबाई पुढे आल्या, माझ्या नवऱ्याने मान हलवली, आणि चाचा तर आधीच खिशात हात घालून उभे होते. आता व्यवहार पक्का करायचा म्हणून मी म्हटलं, पैसे अडकवणाऱ्यांना थोडं व्याज द्यायला हवं, तो त्यांचा हक्क आहे. माझी सगळी अक्कल अशाच व्यवहारांत तयार झालेली.

चाचांनी हात वर केला. "व्याज नको, वैनी. आपल्याला चालत नाही."

"मग निदान काहीतरी…"

"पाणी सहाव्या मजल्यावर चढलं की झालं. त्याहून काय पाहिजे?"

नर्सबाईंनीही नको म्हटलं. माझ्या नवऱ्यानेही, माझ्याकडे न बघता. बिनव्याजी पैसे घालणारे गुंतवणूकदार मी नोकरीत कधी पाहिलेले नाहीत. ऑफिसात कुणी असा प्रस्ताव आणला असता तर मी तो दुसऱ्यांदा वाचला नसता.

दुपारपर्यंत जनरेटर आला. त्याच्या आवाजाने बोलणं ऐकू येईना, पण नळातून आधी हवा, मग तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं, तेव्हा मजल्यामजल्यावरून ओरडा झाला. मी बादली भरून डोक्यावर ओतून घेतली. त्या अंघोळीची चव मला अजून आठवते. अंघोळीला चव म्हणणं चुकीचं असेल, पण दुसरा शब्द सुचत नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. तळमजल्यावर एक इजिप्तचे मास्तर राहत. शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं. गादी, कपडे, भिंतभर पुस्तकं, सगळं गेलं. अरबाबने त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हलवलं होतं. चाची मला म्हणाल्या, "त्यांच्याकडून घ्यायचं नाही हां, बाय. त्यांचं सगळं वाहून गेलं."

मी अडखळले. वादळाच्या रोख्याची सारी ताकद कुणालाच सूट नसण्यात असते. एकाला सूट दिली की दुसरा मागतो, मग तिसरा, आणि ज्या खात्रीवर स्वस्त पैसा मिळाला ती खात्रीच वितळते. हे मी चाचींना सांगितलं.

"ते तुझ्या अमेरिकेत," त्या म्हणाल्या. "तिथे कोण कोणाला ओळखतं? आपण ह्यांना रोज सलाम करतो."

तसंच करायचं ठरलं. मास्तरांचा हिस्सा बाकीच्यांत वाटून टाकायचा, आणि त्यांना त्याबद्दल काही बोलायचं नाही.

पण बिल्डिंगमध्ये न बोललेली गोष्ट सगळ्यांत आधी कळते. दुसऱ्याच दिवशी मास्तर आमच्या दारात उभे. इस्त्री नसलेला, कुणीतरी दिलेला मोठ्या मापाचा शर्ट, पण वरचं बटण लावलेलं. मी आत बोलावलं तर आले नाहीत. इंग्रजीत, एकेक शब्द जपून म्हणाले, "मॅडम, मला यादीतून वगळलंय असं ऐकलं."

मी म्हटलं, "तुमचं खूप नुकसान झालंय, सर. सगळ्यांना वाटलं…"

"पंपाचं पाणी मीही पितो," ते म्हणाले. "माझी पुस्तकं गेली, ते पावसाने केलं. त्याचा हिशेब मी त्याच्याशी करेन. तुमच्याशी माझा हिशेब पाण्याचा आहे." आणि मग जरा हसून, "मी चाळीस वर्षं मुलांना वर्गात उभं केलंय. आता एकट्याने बसून राहणं बरं दिसणार नाही."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी माझ्या मुलीकडे बघून विचारलं की ती शाळेत अरबी शिकते का. ती म्हणाली, "यस सर, बट आयम टेरिबल." तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी ती त्यांच्याकडे जाते. शिकवणीचे पैसे घ्यायला ते तयार झाले ते चाचींच्या समजावण्यामुळे. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाण्याचे दिलेत ना? मग ही शिक्षणाचे देईल." मास्तरांना हा युक्तिवाद पटला. माझा पटला नसता.

समितीची मीटिंग स्क्रीनवरच झाली. मी चाचींच्या गॅलरीत बसले होते, खाली जनरेटर धडधडत होता. ऑफिसची एसी खोली, सुटातली माणसं, आणि मी घामाने चिकटलेल्या कुर्त्यात. सगळं मांडून झालं. कायदा कसा आहे, वसुली कशी होते, कमी पडली तर दर कसा आपोआप वाढतो, माणसं राज्य सोडून गेली तर उरलेल्यांवर किती भार येईल. समितीतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ कमी बोलतात. त्यांनी एकच विचारलं. "कायदा मी वाचला. पण वीस वर्षं हा खूप काळ आहे. लोक वादळ विसरतील आणि बिल मात्र येत राहील. तेव्हा ते चिडले तर?"

माझ्या टिपणात ह्याचं व्यवस्थित उत्तर होतं. सरकारची हमी, न्यायालयांचे जुने निकाल, सगळं. ते मी दिलं. मग म्हटलं, "चिडतील, सर. थोडे चिडतीलच. पण दिवे आधी लागलेले असतात. ज्याच्या घरी पाणी आलं, तो भरतो. आत्ता माझ्या बिल्डिंगमध्ये हेच चाललंय."

तेवढ्यात जनरेटरने एक मोठा आचका दिला आणि स्क्रीनवरचे सगळे दचकले. माझी बॉस हसत सुटली. "यल्ला, चला," ती म्हणाली, "हिच्याकडे डिझेल आहे तोवर मत घेऊन टाकू."

रोखे घ्यायचं ठरलं. आमच्या फंडाच्या मानाने मोठी खरेदी नव्हती, आणि ऑफिसात त्या व्यवहाराची कुणाला आठवणही नसेल. मला तो माझ्या सगळ्या कामांत जवळचा वाटतो. अमेरिकेतलं ते राज्य मी पाहिलेलं नाही. तिथल्या खांबांवर चढलेली माणसं कोण, त्यांना कोणी भाकऱ्या घातल्या का, हे कुठल्याच कागदात नसतं. पण तेव्हापासून असा एखादा रोखा टेबलावर आला की आकड्यांमागे कुणीतरी पाण्याची बादली घेऊन उभं आहे असं मला वाटतं, आणि मी जरा सावकाश वाचते.

नवं पॅनल बसलं आणि एका दुपारी अचानक सगळ्या घरांतले एसी एकदम घरघरले. मी धावत जिन्यात आले, तर समोर चाची, पीठ लागलेले हात वर धरून. खालून टाळ्या ऐकू येत होत्या. नर्सबाईंचे सासरे लिफ्टने उगाच वर खाली फिरून आले. संध्याकाळी चाचींनी बिर्याणी केली, आणि जनरेटरवाल्याच्या माणसांना, नातूरला आणि मास्तरांना खुर्च्यांवर बसवून आधी वाढली. आम्ही मागून जेवलो.

वसुली बरेच महिने चालली. दोन-तीन घरं मध्ये अडखळली. एकाची नोकरी गेली होती, त्याचा हिस्सा बाकीच्यांवर आला आणि कुणी कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती नवीन आलेल्यांनी. पाचव्या मजल्यावर नागपूरचं एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघं आयटीत, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. अरबाबच्या माणसाने त्यांना आधी सांगितलं होतं, पण घर बघायच्या उत्साहात ऐकलेलं कोण लक्षात ठेवतं! पहिल्याच महिन्यात मुलगा माझ्याकडे आला.

"काकू, हे काय आहे? आम्ही तर तेव्हा इंडियात होतो. त्या पावसाचे फक्त व्हिडिओ पाहिलेत."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर माझ्या मुलीच्या कपाळावर होती तशीच आठी. "म्हणजे लॉजिक कळलं," तो म्हणाला. "पण फेअर वाटत नाहीये."

"पूर्ण फेअर नाहीच," मी म्हटलं. "पण जनरेटरने बिल्डिंग तगवली, तोवर अरबाबने पॅनल उंचावर बसवलं. पुढचा पाऊस आला तर तुमची लिफ्ट चालू राहील."

"आणि आम्ही सोडून गेलो तर?"

"मग पुढचा माझ्याकडे येऊन हेच विचारेल."

तो हसला. एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि चाची डोकावल्या. नवीन मराठी आवाज ऐकल्यावर त्यांना घरात बसवत नाही. "कोण गो? नागपूरचे? या की आत, उभे काय राहिलात? तुमच्याकडचेच वायरमन आमच्या गावाला आले होते." त्याला काही कळायच्या आत त्या त्याला हाताला धरून घेऊन गेल्या. त्याची बायको त्याला शोधत वर आली, तीही आत गेली. थोड्या वेळाने चाची दारातून मला हाक मारत होत्या, की भाकरी टाकलीय, तूही ये, आणि येताना तुझ्याकडचं लोणचं आण.

शेवटचा हप्ता जमा झाला त्या महिन्यात अरबाबच्या माणसाने लिफ्टच्या शेजारी हाताने लिहिलेला कागद लावला. खलास, शुक्रन. संपलं, आभार, एवढंच. पुढच्या महिन्यापासून कुणी पैसे मागायला आलं नाही. नागपूरच्या मुलीला पहिलं बाळ होणार आहे. चाचींनी तिला काय खायचं, काय नाही, ह्याचं रोजचं वेळापत्रक घालून दिलंय आणि ते न पाळल्याबद्दल रोज ओरडा बसतो. माझी मुलगी मास्तरांशी अरबीत भांडण्याइतकी तयार झालीय, आणि भांडण बहुतेक क्रिकेटवरून असतं, जे मास्तरांना अजिबात समजत नाही. मी संध्याकाळी ट्रॅफिकमधून दमून घरी येते. लिफ्टचं दार आमच्या मजल्यावर उघडलं की तळलेल्या मासळीचा वास येतो, आणि आज कुणाकडे जेवायचं हे मला आधीच कळतं.